सरांच्या मशीनचा सप्लाय

दुकानात शिरणारं नवं गिऱ्हाईक आधी माझ्या खांद्यावरून मागं बघतं. मागं एक लोखंडी कपाट आहे, त्यावर मोडके कीबोर्ड रचलेत, आणि माणूस कोणी नाही. मग प्रश्न येतो, "साहेब केव्हा येतीन?" नागपुरात, सीताबर्डीच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, मी सव्वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करते आहे. सव्वीस वर्षं सांगते आहे की साहेब बँकेत असतात, आणि घरचा फ्यूज उडाला की तेच माझी वाट बघत अंधारात बसतात. बायका हसतात. पुरुष कॉम्प्युटरचा डबा उचलून परत न्यावा का याचा विचार करतात. बहुतेक जण ठेवूनच जातात, कारण जिना अरुंद आहे आणि डबा जड असतो.

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत. डब्यातून पाल निघते, उंदराचं घरटं निघतं. एकदा मूठभर हळदकुंकू निघालं. दसऱ्याला मशीनची पूजा करताना घरच्या आजीबाईंनी ते पंख्याच्या जाळीतून थेट आत वाहिलं होतं, म्हणजे देवाला नीट पोचावं. अशा दहा गोष्टी मी हसत हसत सांगू शकते. पण कागद पुढ्यात घेतला की मला एकच गोष्ट आठवते. ती गमतीची नाही. दोन वर्षं ती माझ्या पोटात आहे.

ती कळायची तर आधी थोडं धंद्याचं सांगावं लागेल. कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या कोपऱ्यात एक छोटा पत्र्याचा डबा असतो. त्याला आम्ही एसएमपीएस म्हणतो, किंवा नुसतं सप्लाय. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या नाजूक भागांना पचेल इतकी थोडी थोडी करून वाढायची, एवढंच त्याचं काम. मशीन बंद पडली की लोक म्हणतात, "डोकं गेलं हिचं." बहुतेक वेळा डोकं ठणठणीत असतं, जेवण बंद झालेलं असतं.

बाजारातले सुटे भाग जुळवून केलेल्या मशीनला कुठलाही साधा सप्लाय चालतो. जुना काढा, नवा लावा, चार स्क्रू आवळा. मोठ्या कंपन्यांच्या तयार मशीनचं तसं नाही. त्यांचा डबा वेगळा, स्क्रूची भोकं वेगळी, आणि आतल्या मुख्य बोर्डात खोचायची जी प्लास्टिकची जोडणी असते, जिला आम्ही दुरुस्तीवाले पिन म्हणतो, तीही वेगळी. असं का, हे मला विचाराल तर गिऱ्हाइकानं मरेपर्यंत त्यांच्याच दारात यावं म्हणून. आणि कधी कधी पिन दिसायला अगदी सारखी असते. ती सगळ्यांत वाईट.

हे मी इतवारीच्या बाजारात शिकले. दुकान नवं होतं, अंगात रग होती. भांड्यांच्या एका व्यापाऱ्याची कंपनीची मशीन बंद पडली होती. मी साधा सप्लाय घेऊन गेले. पिन तंतोतंत जुळली. बाहेर हातगाडीवर पातेली चढत होती, त्यांचा खणखणाट चालू होता, आणि त्या खणखणाटातही मला आतला 'फट्' ऐकू आला. मग वास.

"ताई, हे काय जळून राहिलं?" शेटजींनी विचारलं.

"धूळ असेल," मी म्हणाले.

"धुळीले एवढा वास?"

त्यांनी ओरडायला हवं होतं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. तो चहा तसाच ठेवून मी मशीन उचलली. घरी येऊन तासभर मीटर लावून तपासलं तेव्हा कळलं की कंपनीनं पिनेचा आकार सगळ्यांचाच ठेवला होता आणि आतल्या वायरींची जागा मात्र बदलली होती. जिथं तीन व्होल्टची वीज जायची तिथं मी बाराची पाठवली होती. बोर्ड गेला. दुसऱ्या दिवशी जाऊन मी शेटजींना खरं सांगितलं, पण एक रात्र उलटल्यावर.

तेव्हापासून कंपनीची मशीन समोर आली की मी आधी मीटर काढते. एकेक भोक मीटरनं मोजल्याशिवाय मी पिन लावत नाही. बटण दाबताना तोंड बाजूला करून उभी राहते. आणि काम झालं तरी दोन दिवस मशीन माझ्याच टेबलावर चालू ठेवते. एकदा अशीच सप्लाय बदललेली मशीन दिवसभर छान चालली आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर वितळली होती. दोन दिवसांचा नियम त्या मशीननं घालून दिला. गिऱ्हाइकं वैतागतात, मी ऐकत नाही.

आता मेश्राम सर. कुही तालुक्यातल्या एका शाळेत ते मुख्याध्यापक होते. निवृत्त झाले, उत्तर नागपुरात घर बांधलं, आणि वर्षाच्या आत स्नायू निकामी करत जाणारा आजार जडला. आधी पाय गेले, मग हात, मग आवाज. मी त्यांना भेटले तेव्हा डोळे आणि उजव्या हाताचा अंगठा एवढंच त्यांच्या ताब्यात होतं. त्यांची मुलगी मिहानमधल्या एका कंपनीत आहे. तिनं एक प्रोग्रॅम आणून घरातल्या कंपनीच्या जुन्या मशीनवर घातला होता. पडद्यावर बाराखडीच्या ओळी एकामागून एक उजळतात. हव्या त्या ओळीशी सरांनी अंगठ्यानं बटण दाबायचं, मग त्या ओळीतलं अक्षर. असं करत वाक्य पुरं झालं की मशीन ते बोलते. आवाज हिंदी माणसाचा होता, त्यामुळं 'ळ' म्हणता यायचा नाही. "वेल झाली", "कंटाला आला" असं सर बोलायचे, आणि स्वतःवर डोळ्यांनी हसायचे.

त्या घरात एक नियम होता. सरांचं वाक्य कोणी पुरं करायचं नाही. चार शब्दांना चार मिनिटं लागतात आणि ऐकणाऱ्याची जीभ वळवळते, तरी गप्प राहायचं. मला हे माहीत नव्हतं. पहिल्यांदा पंखा साफ करायला गेले तेव्हा पडद्यावर "ताई चहा" एवढं उमटलं आणि मी लगेच म्हटलं, "नको सर, आत्ताच घेतला." अंगठा थांबला नाही. दहा-बारा मिनिटांनी मशीन म्हणाली, "ताई चहा संपला आहे. पुढच्या वेली येताना पत्ती आणाल का असं विचारत होतो." सरांची बायको, निर्मलाबाई, पदर तोंडाला लावून हसत होत्या. तेव्हापासून मी जाताना पत्तीचा पुडा नेते.

सरांना एक मोठे भाऊ होते. सगळे त्यांना दादा म्हणत. कुहीजवळच्या गावी ते धान पिकवायचे. रोज संध्याकाळी सहाला दादांचा फोन यायचा. बाई फोन मशीनसमोर ठेवायच्या आणि दादा ओरडून विचारायचे, "तुह्या तो हिंदीवाला पोट्टा आहे का रे घरी?" मग हिंदीवाला पोट्टा बोलायचा. दादांना तो आवाजच भावाचा आवाज वाटायला लागला होता. एकदा मी तिथं असताना अर्धा तास नुसतं धानावरच्या किडीवर बोलणं चाललं होतं, त्यातली पंचवीस मिनिटं दादा फोनवर नुसते थांबलेले होते.

दोन वर्षांपूर्वी नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला होता. गावभर कूलर चालू, लाइट दिवसातून चारदा जात होती. एका मंगळवारी ती जाऊन परत आली ती जास्तीची होऊन आली. संध्याकाळी निर्मलाबाई ऑटोनं माझ्याकडे आल्या. मशीन चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. दोन मजले त्यांनीच ती चढवली.

"ताई, बघा नं वं काय झालं. सर बोलून राहिले होते अन् मधातच बंद पडली. दिवा नाही, पंखा नाही, काही नाही."

"बसा बाई, आधी पाणी घ्या."

"पाणी राहू द्या. किती दिवस लागतीन?"

मी म्हटलं, उघडून बघते. त्यांनी खुर्चीची पाठ धरली होती, बसल्या नाहीत. "दादाजी बरे नाहीत. दवाखान्यातून घरी पाठवलं. सरांले त्यांच्यासंग बोलाचं आहे. मी म्हटलं, तक्त्यावर अक्षरं दाखवा, मी फोनवर सांगतो. तर डोळेच मिटून घेतले. दुपारपासून तेच. त्याहिले स्वतःच बोलाचं आहे."

एरवी मी गिऱ्हाइकाला आणखी दोन वाटा दाखवते. इथं एकही चालणार नव्हती. मुलीनं टॅबलेट आणून बघितला, पण सरांचं अंगठ्याचं बटण त्याला लागेना. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावावी तर त्या प्रोग्रॅमचं कुलूप याच बोर्डाशी बांधलेलं होतं, आणि तो बनवणारे लोक धंदा गुंडाळून मोकळे झाले होते. त्या उन्हात सरांना कुहीला नेणं म्हणजे त्यांचाच जीव घेणं. म्हणजे हा बोर्ड जगला तर सर दादांशी बोलणार, जळला तर नाही. मी सप्लाय बदलते तेव्हा जास्तीत जास्त कोणाचं तरी काम अडतं. या वेळी माझ्या हातात एका माणसाचा आवाज होता, आणि मला तो नको होता. खरंच सांगते, पहिल्यांदा मनात आलं की यांना दुसऱ्या कोणाकडे पाठवावं.

पाठवलं नाही. बुधवारी सप्लाय उघडला. आत काळंठिक्कर. दोन भाग बदलून तो सुरू केला, पण बाराची वीज चौदापर्यंत चढत होती, मध्येच उतरत होती. असल्या सप्लायला मी माझा रेडिओही लावला नसता. कंपनीच्या सेंटरनं सांगितलं, तो भाग आता येत नाही. दिल्लीच्या जुन्या बाजारात मिळाला असता, दहा-बारा दिवसांनी, आणि तोही कोणाच्या मशीनमधून काढलेला. उरला साधा सप्लाय.

साध्याची पिन चोवीस भोकांची, या बोर्डाची आठ. मधे जोडायला एक तयार वायर मिळते. ती गुरुवारी मागवली, शुक्रवारी दुपारी आली. आठही तारा काळ्या. कोणती कशाची हे रंगावरून कळू नये म्हणून मुद्दाम केल्यासारख्या. शिवाय या बोर्डाला मशीन बंद असतानाही बाराची वीज लागते, साधा सप्लाय अशा वेळी पाचचीच देतो, म्हणून वायरीच्या मधे पाचाचे बारा करणारी बोटभर पट्टी होती. ती पट्टी मला अजिबात आवडली नाही.

रोज बाईंचा फोन येत होता. बुधवारी म्हणाल्या, "दादाजी पेज घेऊन राहिले." गुरुवारी म्हणाल्या, "फक्त पाणी." शुक्रवारी त्यांनी विचारलं, "ताई, काहून एवढा टाइम लागून राहिला?" मी त्यांना पिनेबद्दल समजावून सांगितलं. म्हटलं, बाई, पिन नीट बसली पाहिजे, चुकीची बसली तर बोर्ड जाईल. त्या हो हो म्हणाल्या. फोनमध्ये मागं कूलर घरघरत होता आणि त्यापलीकडं काहीच ऐकू येत नव्हतं. पूर्वी त्या घरी फोन केला की मागून हिंदीवाला काहीतरी बोलत असायचा.

शुक्रवारी संध्याकाळी मी बोर्ड काढून पालथा घातला. बोर्डाचा नकाशा कंपनी कोणाला देत नाही. तांब्याच्या रेघा, जुन्या सप्लायवरचं लेबल आणि मीटर, यांवरून मी वहीत आठ भोकांचं चित्र काढलं. मग नव्या वायरीचं चित्र काढलं. दोन्ही शेजारी ठेवली. दोन तारा उलट होत्या.

मी पुन्हा मोजलं. उलटच. वायर त्याच कंपनीच्या मशीनची होती, पण दुसऱ्या मॉडेलची. पिन तंतोतंत जुळत होती. एखाद्या घाईच्या दिवशी मी ती लावली असती. मी खाली जाऊन रसवंतीवर उसाचा रस घेतला, वर येऊन शिवणाची बारीक सुई घेतली, आणि त्या दोन तारा पिनेतून उपसून अदलाबदल करून बसवल्या. एवढ्याशा कामाला पाऊण तास लागला, कारण दर दोन मिनिटांनी मी वहीतलं चित्र बघत होते.

शनिवारी सकाळी आधी बोर्डाशिवाय सप्लाय चालवून बघितला. सगळे आकडे जागेवर होते. मग बोर्डाला लावला. साधा सप्लाय त्या चपट्या डब्यात मावत नव्हता, तो बाहेर टेबलावरच ठेवला. अकरा वाजता मी तोंड बाजूला केलं आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. वास आला नाही. दिवा लागला, पडदा उजळला, आणि तो प्रोग्रॅम आपोआप उघडला. लाइट गेली तेव्हाचं अर्धं वाक्य त्यानं जपून ठेवलं होतं. मी दुसऱ्याचं पत्र वाचत नाही, पण ते समोर मोठ्या अक्षरांत होतं.

"दादा तुह्या सायकलचं मीच"

एवढंच. मी पटकन पडदा बंद केला. मशीन चालू ठेवली.

बाराच्या सुमाराला दुकानात गर्दी झाली. एक गृहस्थ प्रिंटर काउंटरवर आपटून भांडत होते, आणि तेवढ्यात बाईंचा फोन आला. "ताई, काय झालं?"

"बसली, बाई!" मी ओरडूनच सांगितलं, कारण प्रिंटरवाले थांबत नव्हते. "आता दोन दिवस बघू."

मग त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला, खरं सांगायचं तर, थोडं लागलं. चार दिवस छाती धडधडत केलेलं काम, आणि नुसतं बरं. मग वाटलं, दादांची काळजी असेल.

संध्याकाळी पट्टीवर बोट ठेवून बघितलं. थंड. रविवारी दुकान बंद असतं, तरी मी आले, बघितलं. थंड. नेऊन देता आली असती. दोन दिवसांची चाचणी सरांच्या घरीही घेता आली असती, मी तिथं बसून राहिले असते. हे मला तेव्हा सुचलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. सुचलं होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर ती जळली तर काय, या एका विचारानं मी गार पडत होते. माझ्या दुकानात जळली असती तर मी निदान एकटी असते. म्हणजे मी स्वतःला वाचवत होते आणि त्याला नियम म्हणत होते. शिवाय, बाईंना सांगितलं आहे, घाई असती तर त्या म्हणाल्या असत्या, असंही मी स्वतःला समजावलं.

सोमवारी चारला मशीन घेऊन गेले. दारात चपलांचा ढीग होता. तो बघूनच मला कळलं, तरी मी ऑटोवाल्याला पैसे देत उगाच रेंगाळले. दादा रविवारी दुपारी गेले होते. बाई आणि मुलगी सकाळी कुहीला जाऊन माती देऊन आल्या होत्या. घरात गावचे आणि गल्लीतले सहा-सात जण बसले होते. सर पलंगावर होते, डोळे छताला.

मला परत फिरायचं होतं. बाईच म्हणाल्या, "लावा वं ताई. आतातरी बोलू द्या त्याहिले."

मी मशीन लावली. सप्लाय स्टुलावर ठेवला. प्लग दोनदा चुकला, तिसऱ्यांदा भोकात गेला. पडदा उजळला आणि ते वाक्य पुन्हा समोर आलं. खोलीतल्या सगळ्यांनी वाचलं. मुलगी पुसायला पुढं झाली, तर सरांनी डोळे जोरात मिटले, म्हणजे नाही. मग अंगठा हलला. त्यांनी ते वाक्य स्वतः खोडलं. च गेला, मी गेला, मग चं, मग ल, असं एकेक अक्षर मागं जात 'दादा'पर्यंत. तिथं अंगठा बराच वेळ थांबला. मग तेही खोडलं.

बसलेल्यांपैकी कोणीतरी "मशीन चांगली झाली" असं म्हणालं. बाईंनी माझ्या दंडाला हात लावला. "या ताईंनी केली. शनिवारी तर सांगून चुकल्या होत्या की मशीन बसली म्हणून. मी म्हटलं, गेली आता. रडलो मी त्या दिवशी. सरांलेही सांगून टाकलं. पण यायनं सोडली नाही नं. मेलेली मशीन उठवली."

मला समजायला क्षणभर लागलं. मी पिन बसली या अर्थानं म्हणाले होते. त्यांनी मशीन बसली असं ऐकलं होतं. पिनही बसते आणि मशीनही बसते, एक जागेवर आणि एक कायमची, आणि मी कोण बसली ते सांगितलंच नव्हतं. शनिवारी दुपारपासून त्या घरात सगळे समजून होते की सर आता कधीच बोलणार नाहीत. फोनवर फक्त "चालू झाली" म्हटलं असतं तर बाई तासाभरात माझ्या जिन्यावर असत्या. दोन दिवस बघू वगैरे त्यांनी ऐकूनच घेतलं नसतं. दादा शनिवारी संध्याकाळी शुद्धीवर होते, हे मला नंतर कळलं.

मी तोंड उघडलं असतं. उघडणारच होते, असं मला वाटतं. पण पडद्यावर अक्षरं यायला लागली होती. "ताई. मशीन. केव्हा."

आणि बाईंनी, ज्या मला हसल्या होत्या त्याच बाईंनी, त्या दिवशी घरचा नियम मोडला. "केव्हा चालू झाली म्हणता? आजच झाली नं. झाली तशी घेऊन आल्या."

सरांना मान वळवता येत नाही. डोळे वळवले. माझ्याकडे बघत राहिले. मुलंही अशा डोळ्यांना घाबरली असतील शाळेत. मी म्हणाले, "हो सर. आज."

अंगठा हलला. मला वाटतं तीन मिनिटं गेली असतील. मशीन म्हणाली, "आज. मग ठीक आहे."

बाईंनी मला चहा दिला. तो मी उभ्यानं प्याले आणि निघाले.

ती मशीन अजून चालते आहे. वर्षातून दोनदा मी जाते, धूळ काढते, पट्टीवर बोट ठेवते, पत्तीचा पुडा देते. सर बोलतात, मी बोलते. प्रत्येक वेळी त्यांच्या दारातून निघताना ठरवते की पुढच्या खेपेला सांगायचं. सांगत नाही. कारण मी सांगितलं की सर उत्तर देणार, आणि ते उत्तर एकेक अक्षरानं येणार, आणि ते पुरं होईपर्यंत मला त्यांच्यासमोर उभं राहावं लागणार. सव्वीस वर्षं मी विजेशी खेळते आहे, पण तेवढी छाती माझ्याजवळ नाही.

सायकलचं काय होतं, मला माहीत नाही. विचारायचा मला अधिकार नाही.

सर दिवाळी अंक वाचतात. बाई अंक स्टँडवर लावतात आणि सरांनी डोळे मिटले की पान उलटतात. म्हणजे हे पान बाईच उलटतील, आणि उलटण्याआधी बहुधा स्वतःही वाचतील. तेव्हा दोघांनाही इथंच सांगते. सर, मशीन आज झाली नव्हती. ती शनिवारी सकाळी अकराला सुरू झाली. बाईंना मी बसली म्हटलं ते पिनेबद्दल. शनिवार, रविवार आणि सोमवारी दुपारपर्यंत ती माझ्या टेबलावर चालूच होती.